मगाची अनामत

बोटीवर रोज रात्री उशीवर दोन वस्तू ठेवलेल्या असतात, एक चॉकलेट आणि एक छापील कागद. चॉकलेट बायको खाते, कागद मी वाचतो. लग्नाला इतकी वर्षं झाली की कामाची वाटणी आपोआप होते. त्या रात्रीच्या कागदावर न्यूरेंबर्ग होतं. नऊला बस, साडेनऊला किल्ला, दहा-चाळीसला ड्यूररचं घर (बाहेरून), बाराला मोठ्या चौकातलं घड्याळ, बारा-दहा ते एक-चाळीस ख्रिसमस मार्केट आणि मोकळा वेळ. मोकळ्या वेळालाही सुरुवात आणि शेवट असतो आणि तो मिनिटांत छापता येतो, हा शोध युरोपीय असावा. सगळ्यात खाली ठळक अक्षरांत: 'बस एक-पंचेचाळीसला सुटेल. बोट कुणासाठीही थांबत नाही.'

या शेवटच्या वाक्याने आमच्या अख्ख्या ग्रुपची झोप उडवली. वास्तविक आम्ही सगळे साठी ओलांडलेले. लोकल, एसटी आणि बढती यांपैकी काहीही आमच्यासाठी कधी थांबलेलं नाही, आणि आम्हीही त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. पण लोकल चुकली तर माणूस दादरला उरतो. बोट चुकली तर बव्हेरियात.

निर्धास्त होते ते एकटे साडूभाऊ. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर आहेत. आम्हा बाकीच्यांना 'ख्रिसमस मार्केट क्रूझ' विकली गेली होती. त्यांना त्याच पैशांत एक कालवा मिळाला होता. डॅन्यूब नदी सोडून आमची बोट केल्हाइमपाशी माइन-डॅन्यूब कालव्यात शिरली, तेव्हापासून ते केबिनमध्ये फक्त स्वेटर बदलायला येत. हा कालवा 171 किलोमीटरचा, 1992 साली पूर्ण झालेला. त्यात 16 लॉक आहेत, म्हणजे बोटीला पाण्यासकट वर उचलणाऱ्या किंवा खाली उतरवणाऱ्या कोंड्या. समुद्रसपाटीपासून 406 मीटर उंचीपर्यंत बोट डोंगर चढते आणि पलीकडे उतरते. उतरताना न्यूरेंबर्गच्या अलीकडे तीन लॉक असे आहेत, की प्रत्येकात बोट जवळजवळ पंचवीस मीटर खाली जाते. प्रवाशाला हे कसं कळतं, तर रात्री जाग येते आणि खिडकीबाहेर हातभर अंतरावर ओली काँक्रीटची भिंत वर-वर सरकताना दिसते. एवढे पैसे भरून खिडकीची केबिन घेतलेल्या माणसाला ही भिंत बघून जे वाटतं ते मी लिहीत नाही. साडूभाऊंना मात्र त्या भिंतीत सौंदर्य दिसे. "शार्लमेनने 793 साली हाच कालवा खणायला घेतला होता," त्यांनी मला पहाटे तीनला उठवून सांगितलं, "पावसाने काठ ढासळले आणि काम बंद पडलं. बाराशे वर्षं लागली." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. आमच्या खात्यालाच उशीर होतो असं नाही, असं काहीतरी ते समाधान होतं.

त्यांची पत्नी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, तिला आम्ही सगळेच ताई म्हणतो. या बहिणींचं माहेर पणजीचं. ताईंचा उजवा गुडघा दुखतो आणि त्या गुडघ्याचं त्या अतिशय विचारपूर्वक ऐकतात. जिथे त्यांना जायचं नसतं तिथे गुडघा आधीपासूनच सुजलेला असतो.

सकाळी आम्ही बंदरात पोचलो तेव्हा आमच्या बोटीला चिकटून दुसरी बोट उभी होती. काठावर जागा कमी असते, म्हणून नदीवरच्या बोटी एकमेकींना खेटून बांधतात, आणि पलीकडच्या बोटीतले लोक उतरायला आपल्या लॉबीतून जातात. त्यामुळे नाश्ता करताना आपल्या घरातून परक्याची वरात जावी तसे अनोळखी लोक 'मॉर्निंग, मॉर्निंग' करत समोरून गेले. त्यांच्या बोटीने त्यांना लाल लोकरी टोप्या दिल्या होत्या. आमच्या बोटीने आम्हालाही लाल लोकरी टोप्या दिल्या होत्या. डिसेंबरात जर्मनीतल्या कंपन्यांना दुसरा रंग सुचत नसावा. शिवाय प्रत्येकाच्या गळ्यात एक यंत्र आणि कानात त्याची वायर. गाइड तिकडे पुटपुटते, इकडे आपल्या कानात ऐकू येतं. गाइडला ओरडावं लागत नाही आणि आपल्याला तिच्या जवळ राहावं लागत नाही. यातला दुसरा फायदा पुढे महागात पडला.

आमची गाइडबाई सत्तरीची होती. हातात काठीवर पाटी, पाटीवर 4 आकडा, आणि चालण्याचा वेग असा की चौथा नंबर तिचा नसून आमचा येणार हे नक्की. टेकडीवरचा सम्राटांचा किल्ला तिने आम्हाला वाऱ्यात उभं करून दाखवला. तो पाहून झाला असं मी म्हणेन, कारण माझ्याकडे फोटो आहेत.

ड्यूररचं घर मात्र मला अजून आठवतं. आल्ब्रेख्त ड्यूरर हा न्यूरेंबर्गचा चित्रकार या घरात 1509 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1528 पर्यंत, राहिला. तिथे आमच्यासाठी फोटोची बारा मिनिटं होती. गाइडबाईने सांगायला सुरुवात केली आणि 'गोवा' हा शब्द कानात पडताच ताईंनी गुडघा विसरून चार पावलं पुढे टाकली. गोष्ट अशी, की गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने आल्बुकर्कला एक गेंडा भेट पाठवला. आल्बुकर्क पडला गोव्याचा गव्हर्नर, घरात गेंडा ठेवून तो काय करणार? त्याने तो 1515 च्या जानेवारीत बोटीत घालून पोर्तुगालच्या राजाकडे धाडला. मे महिन्यात गेंडा लिस्बनला उतरला. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली. हत्तीने गेंड्याकडे एकदा पाहिलं आणि पळ काढला. लिस्बनहून कुणीतरी पत्र लिहिलं, सोबत एक चित्र काढून पाठवलं, आणि ते फिरत फिरत इथे न्यूरेंबर्गात ड्यूररच्या हाती पडलं. त्याने गेंडा जन्मात पाहिला नव्हता. पण त्याने लाकडाच्या ठशावरून असं चित्र छापलं, की अंगावर लोखंडी चिलखत, पायांवर खवले आणि मानेवर एक जादा शिंग. पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोप हाच गेंडा खरा धरून चालला. खरा गेंडा दरम्यान पोपला भेट म्हणून पुन्हा बोटीत चढवला गेला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ बोट बुडून साखळदंडासकट मेला.

"बोट कुणासाठी थांबत नाही," बायको म्हणाली.

ताई मात्र गंभीर झाल्या होत्या. पणजीहून निघून युरोपची बोट-सहल करणारा तो पहिला जीव, असं त्यांच्या मनाने घेतलं. शिवाय त्याला वर्णनावरून काढलं तर लोकांनी दोनशे वर्षं विश्वास ठेवला, आणि आपण स्वतः जाऊन पाहून आलो तरी सोसायटीत कुणी ठेवत नाही, हे त्यांना खटकलं. घरासमोर एक अगडबंब ब्राँझचा ससा आहे, ड्यूररच्या सशाच्या चित्रावर बेतलेला. तो इतका भेसूर आहे की त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढला तर माणूस हमखास बरा दिसतो. त्याच्या भोवती आमच्या ग्रुपने बाराच्या बारा मिनिटं घालवली.

मग उतारावरून खाली, हाउप्टमार्क्ट म्हणजे मुख्य बाजारचौकात. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाची छतं घातलेल्या लाकडी दुकानांच्या रांगा, मध्ये धूर, दालचिनी आणि भाजलेल्या मांसाचा वास, आणि मागे फ्राउएनकिर्शे हे चर्च. इथल्या बाजाराचा सगळ्यात जुना लेखी पुरावा म्हणजे 1628 सालची एक रंगवलेली लाकडी पेटी. ती कुणीतरी कुणालातरी या बाजारातून भेट दिली, असं तिच्यावर लिहिलेलं आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीही लोक इथून घरच्यांसाठी न लागणाऱ्या वस्तूच नेत होते.

बाराला चर्चच्या घड्याळाखालचं दार उघडलं. 1509 साली बसवलेला हा देखावा आहे. मध्ये सम्राट चौथा कार्ल बसलेला आणि त्याच्याभोवती सात पुतळे तीन प्रदक्षिणा घालतात. ते सात म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेले सात राजे आणि धर्मगुरू. सम्राट कुणी निवडायचा याचे नियम 1356 साली याच शहरात ठरले. सातच मतदार, आणि तेही निवडून दिलेल्याभोवती फिरत असलेले! आमच्या ग्रुपमधल्या एका निवृत्त तहसीलदारांना ही पद्धत फार आवडली. मतदान केंद्र एकच लागेल, असं ते म्हणाले.

पुतळे आत गेले आणि गाइडबाईचा आवाज खाली उतरला. तुम्ही उभे आहात तिथे ज्यू लोकांची वस्ती होती, ती म्हणाली. 1349 साली ती उठवली. कार्लची त्याला संमती होती. शेकडो माणसं मारली, घरं पाडून बाजाराची जागा केली, आणि सिनॅगॉग होतं तिथे हे चर्च बांधलं. आणि 2 जानेवारी 1945 च्या रात्री बॉम्ब पडले, तेव्हा हे जुनं शहर जवळजवळ सगळं गेलं. तुम्ही जुनं म्हणून जे बघताय त्यातलं बरंचसं पुन्हा उभं केलेलं आहे. बाजार 1948 साली परत भरला. हे ती सांगत असताना माझ्या डोळ्यांसमोर एक माणूस साखरेत घोळलेले गरम बदाम कागदी पुड्यांत भरत होता. कानात एक आणि डोळ्यांत एक असं चाललं होतं. तिने हे सांगितलं नसतं तरी कुणी तक्रार केली नसती. तिने सांगितलं, म्हणून ती मला आवडली.

मग तिने आवाज पूर्ववत केला आणि क्रिस्टकिंडची ओळख करून दिली. इथे भेटी आणतो तो सांताक्लॉज नव्हे. सोनेरी झगा, सोनेरी कुरळे केस आणि मुकुट घातलेली एक मुलगी, ती क्रिस्टकिंड. अ‍ॅडव्हेंटच्या (म्हणजे ख्रिसमसपूर्व पर्वाच्या) पहिल्या रविवाराआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला ती चर्चच्या सज्ज्यात उभी राहून बाजार उघडते, आणि 24 डिसेंबरला तो उठतो. शहर दर दोन वर्षांनी तिची निवड करतं. वय 16 ते 19, उंची किमान 160 सेंटिमीटर, उंचावर चक्कर यायला नको आणि थंडी-पाऊस सोसायची तयारी हवी.

"लग्नाच्या जाहिरातीपेक्षा अटी बऱ्या आहेत," ताई म्हणाल्या. "गोरी हवी असं कुठे लिहिलेलं नाही."

आणि खरंच नव्हतं. 2019 साली निवडून आलेल्या मुलीचे वडील मूळचे भारतीय. एका पक्षाच्या स्थानिक शाखेने त्यावरून इंटरनेटवर वाकडं लिहिलं, तेव्हा शहरच काय, देशभरातले लोक त्या मुलीच्या बाजूने उभे राहिले. हे ऐकून आमच्या ग्रुपमधल्या तीन आज्या एकाच वेळी आपापल्या नाती किती सेंटिमीटर आहेत ते आठवू लागल्या.

"आता मोकळा वेळ," गाइडबाई म्हणाली आणि पाटी खाली केली. "एक-चाळीसला त्या कारंज्यापाशी."

ते कारंजं म्हणजे एकोणीस मीटर उंचीचा सोनेरी कळस. त्याच्या भोवतीच्या लोखंडी जाळीत एक पितळी कडं अडकवलेलं आहे. ते तीनदा फिरवून इच्छा धरली की ती पुरी होते असं म्हणतात. कडं फिरवायला रांग होती. बायकोने विचार केला, की नव्वद मिनिटांपैकी वीस रांगेत गेली तर इच्छा धरायला काय उरणार? आणि ती यादी काढून बाजारात घुसली.

इथून पुढे आमच्या ग्रुपचे दोन तट पडले, धावणारे आणि ताई.

धावणाऱ्यांचं शास्त्र सरळ होतं. दुकानं सुमारे एकशे ऐंशी, मिनिटं नव्वद. म्हणजे दुकानाला अर्धं मिनिट. सोबत मी पिशव्या धरायला. अर्ध्या मिनिटाच्या हप्त्यांत मी सुक्या आलुबुखाराची माणसं पाहिली. ही न्यूरेंबर्गची खासियत. अंगाला सुके आलुबुखार, डोकं अक्रोडाचं आणि त्यावर रंगवलेला चेहरा, असे कुठे डॉक्टर, कुठे नवरा-नवरी, कुठे भांडखोर शेजारीण. बायकोने एक पाहून ठेवली, आपल्या सेक्रेटरीबाईंसारखी दिसते म्हणून, पण कस्टममध्ये खाण्याची वस्तू सांगायची की शोभेची, यावर निर्णय झाला नाही. मी न्यूरेंबर्गचे सॉसेज खाल्ले. मी घरी शाकाहारी आहे; परदेशात हवामानाप्रमाणे बदलतो. हे सॉसेज बोटाएवढे असतात, जास्तीत जास्त नऊ सेंटिमीटर, आणि वजन वीस-पंचवीस ग्रॅम. पावात तीन घालून देतात. इतके बारके का, तर दाराच्या किल्लीच्या भोकातून आत सरकवता यावेत म्हणून, अशी दंतकथा आहे. कुणी म्हणतं तुरुंगातल्या कैद्यांना, कुणी म्हणतं खाणावळी बंद झाल्यावर उशिरा आलेल्या गिऱ्हाइकांना. साडूभाऊंना सॉसेज चालत नाहीत. त्यांनी किसलेल्या बटाट्याची खरपूस धिरडी सफरचंदाच्या गोड गराबरोबर खाल्ली आणि मग सफरचंद वेगळं मिळालं असतं तर बरं झालं असतं असं म्हणत पुन्हा तीच खाल्ली.

लेबकुखनपाशी मात्र मी बायकोला अर्ध्या मिनिटात हलू दिलं नाही. या मसालेदार केकचे भटारी इथे 1395 पासून नोंदलेले आहेत. शहराभोवतीच्या सम्राटाच्या जंगलात मध होता, आणि व्हेनिसहून मसाले आणणारे व्यापारी इथेच राहत. दालचिनी, लवंग, वेलची, जायपत्री, धने. मिरीच्या धंद्यात गबर झालेल्या या व्यापाऱ्यांना लोक चिडवायचे ते 'मिरीची पोती' म्हणून. व्हेनिसच्या दलालीला कंटाळून 1505 साली न्यूरेंबर्गच्या काही घराण्यांनी पोर्तुगीज आल्मेदाच्या हिंदुस्थानला निघालेल्या आरमारात थेट पैसे घातले. या केकच्या सगळ्यात उत्तम प्रकाराला एलिझेन लेबकुखन म्हणतात. त्यात सुकामेवा कमीत कमी पाव हिस्सा आणि मैदा जास्तीत जास्त दहा टक्के, हे नियमाने ठरलेलं आहे. हे सगळं मी बायकोला सांगेपर्यंत तिने तीन डबे घेतले आणि चौथ्या दुकानात ते दोन युरोंनी स्वस्त पाहिले. त्यानंतर इतिहासाचा विषय आमच्यात निघाला नाही.

आता ताई. ताईंनी पहिल्याच मिनिटाला गुडघ्याशी सल्लामसलत केली आणि ग्लूवाइनच्या दुकानापाशी एका उंच गोल टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. बसायची सोय इथे नसते. उभं राहून प्यायचं. पीत असतानाच सूर्य वर नसल्याचं दुःख विसरायचं, कारण डिसेंबरात इथे सव्वाचारला मावळतो. ग्लूवाइन म्हणजे मसाले घालून गरम केलेली वाइन. न्यूरेंबर्गात ती ब्लूबेरीच्या वाइनचीही करतात. ताईंनी लहान मुलांचा, बिनदारूचा मागितला आणि मिळाला दुसराच, असं त्यांचं म्हणणं आहे. दुसऱ्यांदा मागितला तेव्हाही दुसराच मिळाला.

पेय ज्या चिनीमातीच्या मगातून देतात, त्या मगाची अनामत पेयाच्या किमतीत आधीच घेतात. मग परत केला की पैसे परत. दरवर्षी नवं चित्र. ही व्यवस्था कागदी पेल्यांचा कचरा होऊ नये म्हणून आहे, असं गाइडबाई म्हणाली. मला वाटतं, तिच्यामागे याहून खोल डोकं आहे. मग हातात असेपर्यंत माणूस लांब जाऊ शकत नाही. पैसे अडकलेले असतात, म्हणून तो तिथेच घुटमळतो. घुटमळतो म्हणून शेजारच्याशी बोलतो. बोलतो म्हणून दुसरा मग घेतो. इथले लोक कामावरून सुटले की येतात आणि असंच करतात. कुणी काही विकत घेत नाही, यादी काढत नाही, एका टेबलापाशी तासभर उभे राहतात, साहेबाला नावं ठेवतात आणि घरी जातात. आम्ही ज्याला मार्केट समजून धावत होतो ते मुळात मार्केट नाहीच. ती आपली नाक्यावरची चहाची टपरी आहे, फक्त तिला चारशे वर्षं झाली आणि वर चर्च आलं. टपरीवर कुणी 'काय काय पाहण्यासारखं आहे' असं विचारत नाही. छापील कार्यक्रमाला हे कळणं शक्य नव्हतं, कारण 'बारा-दहा ते एक-चाळीस: घुटमळणे' असं कुणी छापत नाही आणि छापलं तर त्याचे पैसे कुणी भरत नाही.

ताईंना हे गुडघ्यामुळे कळलं. शिवाय त्यांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. चौकात नुसत्या बोटींच्याच टोळ्या होत्या आणि सगळ्यांनाच बस होती. घड्याळाकडे बघून अर्धा मग तसाच सोडून बायका किंचाळत पळत. परत करायला रांग, रांगेला वेळ नाही. एक अमेरिकन आजी पळता पळता ताईंच्या हातात आपला मग कोंबून म्हणाली, "तुम्हीच ठेवा!" तिच्या मागून तिच्या चार मैत्रिणी. अर्ध्या तासाने मी पिशव्या टेकायला आलो तेव्हा ताईंसमोर मगांचा मनोरा होता आणि त्या टेबलाशी आलेल्या दोन जर्मन म्हाताऱ्यांना त्या मराठीतून गेंड्याची हकीकत सांगत होत्या. म्हातारे माना डोलवत होते. शिंग दाखवायला हात पुरेसे असतात.

"हे परत करून या," ताईंनी मला सांगितलं. मी तीन खेपा केल्या. दुकानदाराने तिसऱ्या खेपेला माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी सॉसेजचं सगळं पाप फेडलं. जमलेल्या अनामतीतून ताईंनी बदाम घेतले, एक मग स्वतःला ठेवला, आणि ती सेक्रेटरीबाईंसारखी दिसणारी आलुबुखाराची बाईही मागवून घेतली. सगळा बाजार त्यांच्या टेबलापाशी येऊन गेला. बायकोने या व्यवहाराकडे ज्या दृष्टीने पाहिलं त्यात कौतुक किती आणि बाकीचं किती, ते बहिणीबहिणींतलं आहे.

एक-चाळीसला आम्ही कारंज्यापाशी हजर झालो. टूर मॅनेजरने लाल टोप्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. आकडा जुळला. बसमध्ये चढल्यावर तिसऱ्यांदा मोजल्या, तेव्हाही जुळला. कुणीही मागे राहिलं नाही या आनंदात बस सुटताच भेंड्या सुरू झाल्या. ताई खिडकीपाशी डोळे मिटून बसल्या होत्या. साडूभाऊ पुढे ड्रायव्हरशी कालव्याबद्दल बोलत असतील असं त्यांनी गृहीत धरलं होतं. अर्ध्या वाटेवर त्यांनी डोळे उघडून शेजारी बदामाची पुडी केली आणि शेजारच्या गृहस्थांनी "ग्रासियास!" म्हणून मूठभर उचलले.

ते गृहस्थ गुलाबी गालांचे, मिश्यांवर बर्फाऐवजी फेस, डोक्यावर लाल टोपी आणि गळ्यात अर्जेंटिनाच्या फुटबॉल टीमचा मफलर. हातात अजून मग होता. मघापासून 'म'वर जे गाणं चाललं होतं त्याला टाळ्यांचा ठेका तेच देत होते, आणि तो अगदी बरोबर पडत होता. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. टूर मॅनेजरला स्पॅनिश येत नव्हतं. त्याचा चेहरा हळूहळू टोपीचा रंग सोडून मिश्यांवरच्या फेसाच्या रंगावर आला.

ताई शांत होत्या. "सापडतील," त्या म्हणाल्या. "पाणी जिथे आहे तिथे असतील."

आणि तसंच निघालं. बंदरावर उतरलो तर शेजारच्या बोटीच्या वरच्या मजल्यावर, त्या बोटीच्या कॅप्टनशेजारी, कागदावर लॉकच्या दाराची आकृती काढत साडूभाऊ उभे. त्यांच्या कानातल्या यंत्रात बाजारात मध्येच दुसऱ्याच गाइडचा आवाज घुसला होता. ती स्पॅनिश बोलत होती. ते तिच्या मागून गेले, तिच्या बसमध्ये बसले, मोजले गेले आणि तिकडेही आकडा जुळला.

"अहो, स्पॅनिश कुठे येतं तुम्हाला?" बायकोने खालून ओरडून विचारलं.

"तिने हातांनी दाखवलं ना," साडूभाऊ वरून म्हणाले, "दारं कशी उघडतात ते. मला वाटलं कालव्याचंच सांगतेय."

ती बहुधा घड्याळाखालच्या दाराबद्दल सांगत असावी. पण हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

मग दोन्ही बोटींच्या मॅनेजरांची आमच्या लॉबीत बैठक बसली. कार्डं तपासली गेली, फॉर्म आले, अर्जेंटिनाच्या गृहस्थांनी कुठेही सही करायची तयारी दाखवली. माणसांची अदलाबदल करायला फार तर दोन पावलं चालायची होती. पण साडूभाऊ खाली यायला तयार नव्हते.

"इकडे मला जेवायला बोलावलंय," ते म्हणाले. "वांग्याची भाजी आहे. आणि जेवण झाल्यावर कॅप्टन इंजिनरूम दाखवणार आहे. बोटी सहाला सुटतात, तोवर येतो."

"या सावकाश," ताई म्हणाल्या आणि अर्जेंटिनाच्या गृहस्थांना जेवणाच्या हॉलकडे हात केला. "तुमच्या जागी हे बसतील. यांना 'ल'ची भेंडी अजून द्यायची आहे."